वरून जमीन, खालून छत

पाळण्यातल्या तांबड्या रेशमी गादीवर चिमूटभर भुसा पडला, तेव्हा श्रीपादबुवांचा पूर्वरंग ऐन रंगात आला होता.

देवास संस्थानच्या थोरल्या पातीतलं माईसाहेबांचं राममंदिर. शके अठराशे एकोणतीसची रामनवमी. सभामंडपात दोनशे पुरुष मांडीला मांडी लावून बसले होते, आणि त्या दोनशेंत तो भुसा एकट्या गणपत सुताराला दिसला. बाकीच्यांचे डोळे बुवांवर होते. गणपतचेही इतका वेळ तिथंच होते. कीर्तन म्हटलं की तो तहानभूक विसरायचा. धारेचे श्रीपादबुवा उभे राहणार हे कळल्यावर तर त्यानं धरमपुरीच्या घाटावरचं नावेचं काम दोन दिवस आधीच उरकलं आणि बैलगाडी जोडून रातोरात नाही, पण दोन मुक्कामांत घर गाठलं. तरी सुताराचा डोळा तो सुताराचाच. रामनवमीच्या दिवशी मंदिरात करवत चालत नाही. मग भुसा आला कुठून?

त्यानं मान वर केली.

वर त्याचंच कमळ होतं. सोळा पाकळ्यांचं, शेंदरी, मध्ये सोनेरी गड्डा. सहा वर्षांपूर्वी त्यानं ते पाळण्याच्या नेमकं वर, लाकडी छतात बसवलं होतं. आज कमळाच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये एक काळी रेघ दिसत होती. धरमपुरीला जाण्याआधी ती नव्हती असं तो छातीवर हात ठेवून सांगू शकला असता. त्या रेघेतून पुन्हा थोडा भुसा सांडला.

मंदिराची रचना साधी आहे. सभामंडपाच्या तीन अंगांना वरती बायकांचे सज्जे. चौथ्या अंगाला, गाभाऱ्याच्या दारापुढं, देवाचा ओटा. रामनवमीला उत्सवमूर्ती आणि पाळणा तिथं मांडतात. ओट्याच्या वरही माडी आहे, सज्जांना लागूनच. पण देवाच्या डोक्यावर पाय द्यायचा नाही, म्हणून तेवढ्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी सागवानी कठडा घातलेला. मंदिर बांधल्यापासून सुताराखेरीज त्या कठड्याआड कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

आज कठडा नव्हता.

कठड्याच्या जागी, समोरच्या जाळीमागं, हिरवी-लाल लुगडी दाटीवाटीनं बसली होती. चाळीस तरी बायका. मधोमध पाटावर माईसाहेब, पांढऱ्या लुगड्यात, आणि त्यांच्या कुशीला खेटून, सातव्या महिन्याचं पोट सावरत, गणपतची लेक दुर्गा.

गणपतच्या हातातली टाळी अर्धवट राहिली.

त्याचे वडील तुकाराम सुतार सांगायचे, "गणप्या, फळी एकच असते, पण तिला नावं दोन. खाली बसतो तो तिला छत म्हणतो, वर बसतो तो जमीन म्हणतो. आपण दोघांचे चाकर. आधी वर जाऊन नाच, मग खाली येऊन नक्षी कर." गणपतनं हे जन्मभर पाळलं होतं. फक्त एकदा नाही.

कमळाच्या वेळी. कमळाचा गड्डा बसवायला जागा हवी होती आणि माडी पेलणारी मधली कडी आड येत होती. त्यानं ती कडी मधोमध हातभर कापून टाकली. दोन्ही टोकं लोखंडी पट्ट्यांनी शेजारच्या कड्यांना टांगली. वर सागवानाऐवजी सालईच्या पातळ फळ्या मारल्या, कारण सालई हलकी, कमळाला भार नको. तेव्हा त्याच्या मनात स्पष्ट होतं: इथं जमीन नाहीच, इथं नुसतं छत आहे. वर कोण येणार आहे? माईंनी कमळ पाहून त्याच्या खांद्यावर शेला घातला, आणि कापलेल्या कडीची गोष्ट त्याच्या पोटातच राहिली. शेल्यासमोर ती बोलून दाखवावी असं त्याला वाटलं नाही.

तो माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत उठला. "अरे बस की, भिया!" "ऐन रंगात कुठं निघालास?" मागचे कुरकुरले. मंडपाच्या खांबाला टेकून कारभारी हंबीरराव हातात घड्याळ धरून उभे होते.

"कारभारी, कठडा कुणी काढला?"

"हळू बोल. माईंनी काढवला. चार दिवस झाले."

"का?"

"का म्हणजे? कीर्तनाला येणारे बुवा देवाकडं तोंड करून उभे राहतात. सज्जातल्या बायकांना पन्नास वर्षं त्यांची नुसती पागोटी दिसतात. माईंची नजर आता अधू झाली. म्हणाल्या, डोळे जायच्या आत एकदा बुवांचा चेहरा समोरून बघायचाय. देवाच्या वर बसल्याशिवाय तो दिसतो कसा? शास्त्र्यांना विचारलं. ते म्हणाले, खाली दर्भ पसरा, वर घोंगडी घाला, म्हणजे पाय लागत नाही. तसं केलंय. तुझ्या पोटात का दुखतंय?"

"कारभारी, ते खाली येणार."

"काय खाली येणार?"

"बायका बसल्यात ती जागा. मधली कडी मी कापलीय. कमळासाठी. सहा वर्षांपूर्वी."

हंबीररावांनी आधी कमळाकडं पाहिलं, मग गणपतकडं. त्यांच्या मानेची शीर फुगली. "आणि हे तू आज सांगतोस?"

"आज सांगतोय."

हंबीरराव माडीच्या दिशेनं तोंड उघडणार, तोच गणपतनं त्यांचं मनगट धरलं. कारभाऱ्याचं मनगट धरण्याची त्याच्या सात पिढ्यांत ही पहिलीच वेळ असावी. "ओरडू नका. ओरडलात तर चाळीस जणी एकदम उठतील. बसल्यात तोवर भार पसरलेला आहे. एकदम उभ्या राहून जिन्याकडं धावल्या, की संपलं. खाली देव आहे, पुजारी आहे, बुवा आहेत."

"मग सज्जात सरकव त्यांना!"

"सज्जात मुंगीला जागा आहे का, बघा."

हंबीररावांनी घड्याळ उघडलं. अकरा वाजून अठरा मिनिटं. दोघांनाही एकच गोष्ट एकाच वेळी सुचली. बारा वाजता रामजन्म. बारा वाजता नगारा, शंख, घंटा, आणि सगळी सभा ताडकन उभी राहून फुलं उधळणार. वरच्या चाळीस जणीही.

"त्यांना उठवू शकेल असा एकच माणूस आहे इथं," गणपत म्हणाला. "आणि तो कीर्तनात उभा आहे."

चालत्या कीर्तनात हरिदासाला हटकायचं नाही. हा नियम माईंच्या मंदिरात तर फारच कडक. पण पूर्वरंग संपला की सगळी सभा नामाचा गजर करते, आणि तेवढ्या वेळात एकजण पुढं होऊन बुवांच्या कपाळी बुक्का लावतो, गळ्यात हार घालतो. तो मान दरवर्षी हंबीररावांचा. त्यांनी ताटातला हार उचलला आणि गणपतच्या हातात दिला.

"तू जा. लाकडाची भाषा मला यायची नाही."

पूर्वरंगाचा शेवटचा चरण बुवांनी समेवर आणून सोडला. "जय जय राम कृष्ण हरी!" दोनशे टाळ्या पडल्या. टाळ, मृदंग, पेटी, सगळ्याचा एक गलका उठला, आणि त्या गलक्यात मळकट मुंडाशाचा एक सुतार मोगऱ्याचा हार घेऊन पुढं निघाला. पहिल्या रांगेतल्या मानकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. पुजारी उमाशंकर ओट्यावरून खेकसले, "ओ गणपत भिया, कां चाल्यो?" गणपत थांबला नाही.

बुवा साठीचे, सडसडीत. घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला. गणपतनं बुक्का लावला, हार घालायला हात उंचावले आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"बुवा, हसत रहा. वर बायका बसल्यात ती जमीन फुटतेय. बाराला उभ्या राहिल्या तर कोसळेल."

बुवा हसत राहिले. टाळ्या वाजवत, नामात डोलत, ओठ न हलवता म्हणाले, "तू कोण?"

"ती करणारा सुतार."

"कशा उतरवायच्या?"

"पाच-पाच. मधल्या आधी. पाऊल भिंतीच्या कडेनं. उडी नाही, धाव नाही."

"जिना?"

"पलीकडच्या टोकाला. एकावेळी एक मावते."

बुवांनी हार नीट केला, गणपतच्या पाठीवर थाप दिली, आणि मान वर करून पहिल्यांदाच त्या कमळाकडं नीट पाहिलं. गजर थांबला. बुवांनी चिपळ्या घेतल्या. उत्तररंगाला उभं राहणारा हरिदास आधी देवाला नमस्कार करतो. बुवांचा तो नमस्कार आज जरा लांबला.

"मंडळी!" त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "पाळणा सजला. गादी रेशमाची, दोरी रेशमाची. पण मला एक सांगा, ही दोरी ओढणार कोण? उमाशंकरजी? अहो, त्यांच्या मिशा बघा! रामराया डोळे उघडेल, त्या मिशा बघेल आणि म्हणेल, वाट चुकली वाटतं, ही अयोध्या नव्हे, ही तर फौजेची छावणी!"

मंडप हसला. उमाशंकरांनीही मिशीवर हात फिरवला.

"दोरी ओढायला हात हवा आईचा. आया सगळ्या वर, आणि पाळणा खाली. हे कसं जमायचं? हरिदास दारात आला की त्याला रिकामा पाठवू नये म्हणतात. आज माझं मागणं आहे. वरच्या प्रत्येक माउलीनं खाली यावं, दोरीला हात लावावा. पाच-पाच जणी. मी एक चरण म्हणेन, पाच जणी येतील. दुसरा म्हणेन, आणखी पाच. आधी देवाच्या माथ्यावर बसल्यात त्या. नंतर सज्जातल्या."

मंडपात कुजबुज सुरू झाली. माईंच्या घरच्या बायका पडद्यातल्या. परपुरुषांच्या सभेत त्या उतरणार कशा? एक मानकरी उघडच म्हणाले, "बुवा, आणि आम्ही कुठं जायचं?"

"अंगणात!"

"उन्हात?"

"अहो सरदार, घरात बाळंतपण असलं की तुम्ही कुठं असता? आत बसता का मदतीला? अंगणात येरझाऱ्याच घालता ना? मग आज घाला की! अयोध्येतला राजा घालत होता, तुम्हाला कसली लाज?"

हशाचा मोठा लोट उठला, आणि त्या हशातच पुरुष उठू लागले. कुणी धोतर झटकत, कुणी "बुवांनी बाहेर काढलं बुवा!" म्हणत. एका म्हाताऱ्यानं दारातून ओरडून सांगितलं, "आज तो रामजी का दरबार में लुगायां को राज हुइ गयो!" हंबीरराव दाराशी उभे राहून सगळ्यांना बाहेर घालवत होते. त्यांचा हसरा चेहरा बघवत नव्हता.

"सुतार तेवढा राहू दे," बुवा म्हणाले. "पाळणा त्याच्या हातचा आहे."

मग त्यांनी चरण धरला. तो त्यांना तिथंच सुचला असावा, कारण पेटीवाला क्षणभर चाचपडला.

पाळणा रिकामा, ये रे ये रे रामा.

"पहिल्या पाच! आणि बायांनो, बाळंतिणीच्या खोलीत कसं चालतात? पाऊल वाजू द्यायचं नाही. भिंतीला हात लावून, कडेकडेनं. हळू. जिला घाई तिची दोरी शेवटी!"

पहिल्या पाच उठल्या. गणपतनं रेघेवर डोळे लावले. भुसा पडला, थोडाच. पाच जणी भिंतीच्या कडेनं सज्जात गेल्या, जिन्यावर बांगड्या वाजल्या, आणि त्या लाजत, पदर ओढत पाळण्याशी आल्या. दोरीला हात लावून बाजूला झाल्या.

पाळणा रिकामा, ये रे ये रे रामा. दुसऱ्या पाच.

गणपत मागच्या दारानं अंगणात धावला. काढलेला कठडा तिथं भिंतीला उभा होता. त्याच्या माथ्याची दांडी सागवानाची, दहा हात लांब, मनगटाएवढी जाड. त्यानं खुंट्या उपटून ती सोडवली आणि आत आणली. टेकू. पण टेकू लावायचा म्हणजे देवाच्या ओट्यावर चढायला हवं, पाळण्याच्या शेजारी, मूर्तीच्या हातभर अंतरावर.

उमाशंकर आडवे आले. "पागल हुयो के? सोवळं-ओवळं काही आहे का नाही? उतर!"

गणपतनं बोट नुसतं वर केलं. उमाशंकरांनी मान वर केली. त्याच क्षणी रेघेतून मूठभर भुसा आणि लाकडाची एक कपची त्यांच्या कपाळावर पडली. पुजारी गप्पकन बाजूला झाले, आणि मग न सांगता त्यांनी उत्सवमूर्ती उचलून छातीशी धरली व गाभाऱ्याच्या उंबऱ्यात जाऊन उभे राहिले.

गणपतनं दांडीचं एक टोक कापलेल्या कडीखाली लावलं, दुसरं ओट्यावर. दांडी चार बोटं कमी पडत होती. पाचर नव्हती. त्यानं मुंडासं सोडून घडी केली, ती खाली घातली, आणि दांडीला खांदा दिला.

चौथ्या पाच उतरल्या. पाचव्या. सहाव्या. बुवांचा घसा बसत चालला होता, पण आवाजाला कापरं नव्हतं. मध्येच ते एखादी हसवणारी ओळ टाकत: "या काकू बघा, दोरी सोडेचनात! अहो, सगळा राम तुमच्याच घरी न्यायचाय का?" खाली उतरलेल्या बायका हसत, आणि त्या हसण्यानं वरच्यांना धीर येई. कशासाठी धीर हवा, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

"दुर्गा!" गणपतनं खालून हाक मारली. "पुढच्या पाचांत ये."

जाळीतून दुर्गाचा चेहरा दिसला. "माईंचा हात माझ्या हातात आहे, अण्णा. त्यांना दिसत नाही. त्यांना घेऊनच येते."

गणपतनं दांडी घट्ट धरली. माईंच्या कानावर काही गेलं, तर घाबरून सगळ्याच एकदम उठल्या असत्या.

हंबीररावांनी दारातून घड्याळ वर करून दाखवलं. बाराला दोन कमी. वर सहा जणी उरल्या होत्या. त्यांतल्या चार उठल्या आणि गेल्या. राहिल्या दोघी. नेमक्या कमळाच्या वर.

"बुवा," उमाशंकर उंबऱ्यातून हळूच म्हणाले, "सूरज माथे आयो. बारा हुया."

अंगणात नगाऱ्यावर टिपरी ठेवून माणूस इशाऱ्याची वाट बघत होता. बुवांनी त्याला हातानं थांबवलं आणि पुन्हा तोच चरण घेतला. पाळणा रिकामा.

वरून माईंचा आवाज आला. सत्तरी उलटली तरी तो आवाज ऐकून अजून नोकर उभे राहत. "बुवा, वेळ टळते आहे. जन्म करा. माझे गुडघे जिना उतरायचे नाहीत. मी इथूनच उभी राहून फुलं टाकते."

"उभ्या राहू नका, माईसाहेब."

"का?"

"पाळणा मी थांबवलाय."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"देवाला थांबवता? माझ्यासाठी?"

बुवांनी चिपळ्या खाली केल्या. गाणं थांबलं. "माईसाहेब, चाळीस वर्षं कीर्तन करतोय. रामाला कधी पळभर उशीर केला नाही. आज केला. त्याचं पाप लागलंच तर ते या चिपळ्यांना लागो. पण तुम्ही उभ्या राहू नका."

माई जाळीकडं झुकल्या. मग म्हणाल्या, "तुमचा चेहरा बघायला मी कठडा काढवला. मला फार दिसत नाही, पण एवढं दिसतं. तुम्ही मघापासून हसताय आणि तुमचा चेहरा भ्यालेला आहे. खाली काय आहे?"

बुवांनी गणपतकडं पाहिलं. हे उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं.

गणपतच्या खांद्यावर दांडी रुतली होती. त्यानं मान वर केली तर नजरेसमोर कमळच होतं, सोनेरी गड्ड्यासकट. "माई, मी गणपत सुतार. तुमच्या खाली जमीन नाही. नुसतं छत आहे. कमळासाठी मी कडी कापली आणि तुम्हाला सांगितलं नाही."

वर घोंगडी सळसळली.

"दुर्गा," माई म्हणाल्या, "तू आधी जा."

"माई, तुमचा हात..."

"मला हात नको. भिंत कुठल्या बाजूला ते सांग आणि जा. दोन जिवांची आहेस. जा म्हणते ना!"

दुर्गा उठली. गणपतला तिची पावलं खांद्यात कळत होती, दांडीतून. एक. दोन. तिसऱ्या पावलाला कडी करकरली आणि दांडीचा दाब दुप्पट झाला. चौथं पाऊल हलकं पडलं. भिंतीशी पोचली होती.

"आता माई, तुम्ही. उठू नका. बसल्या बसल्या सरका. उजव्या हाताला."

माईसाहेब जन्मात कधी जमिनीवरून सरकल्या नसतील. त्यांनी पाट मागं ढकलला. हाताचे तळवे टेकत, लुगडं सावरत, लहान मूल सरकतं तशा त्या सरकू लागल्या. बुवांनी, कुणी न सांगता, अगदी हळू आवाजात चरण पुन्हा सुरू केला, आणि माई त्याच्या तालावर सरकल्या. ये रे, एक सरक. ये रे, दुसरी सरक.

लोखंडी पट्टी तुटल्याचा आवाज बंदुकीसारखा झाला.

दांडी गणपतच्या खांद्यातून निसटत होती. त्यानं ती दोन्ही हातांनी, छातीनं, गुडघ्यानं धरली. अंगठ्याचं नख उलटलं. "माई!" तो ओरडला. वर धप्प असा आवाज झाला आणि त्यामागोमाग दुर्गाचा: "धरल्या! धरल्या, अण्णा! भिंतीशी आहोत!"

"गणपत, सोड!" बुवा ओरडले आणि पेटीवाल्याचा दंड धरून मागं सरले.

गणपतनं दांडी सोडून ओट्यावरून उडी टाकली. घोंगडीसकट, दर्भासकट, माईंच्या पाटासकट माडीचा तो तुकडा खाली आला. सगळ्यांत आधी कमळाचा गड्डा. तो सरळ पाळण्यात पडला, पाळण्याचा तळ फोडून ओट्यावर आदळला, आणि सोळा पाकळ्या इकडंतिकडं उडाल्या.

धूळ बसली. उमाशंकरांच्या छातीशी मूर्ती तशीच होती. त्यांनी फुटलेल्या पाळण्याकडं पाहिलं, मग मूर्तीकडं, मग बुवांकडं.

"बाराला जन्म हुतो," ते पाळण्याकडं बोट करून हळूच म्हणाले, "तो रामजी इमें हुता."

बुवा देवापुढं आडवे पडले आणि पुष्कळ वेळ उठले नाहीत.

रामजन्म त्या वर्षी साडेबारानंतर झाला. अंगणात, निंबाच्या सावलीत. सुपात रेशमी गादी घालून सुपाचाच पाळणा केला आणि माईंनी तो मांडीवर घेऊन हलवला. बायका बसल्या, पुरुष उन्हात उभे राहिले, आणि त्या दिवसाची शिकवण म्हणा की सोय म्हणा, पुढं दरवर्षी जन्माच्या वेळी बायका मंडपात आणि पुरुष अंगणात असंच होत गेलं.

आरती झाल्यावर गणपत माईंसमोर येऊन उभा राहिला. खांदा सुजला होता, अंगठ्याला चिंधी होती. दुर्गा माईंच्या शेजारी बसली होती.

"सहा वर्षं मी त्या कमळाखाली बसून तुझं कौतुक केलं," माई म्हणाल्या.

"होय, माई."

"शेला घरी आहे?"

"आहे. परत आणून देतो."

"बुवांनी देवाला थांबवलं ते तुझ्या शेल्यासाठी नव्हे. शेला राहू दे. तो अंगावर घेशील तेव्हा तुला कमळ नको, कापलेली कडी आठवू दे." मग त्यांनी विचारलं, "काम कधी धरतोस?"

गणपतला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. "मी?"

"मग कोण? जी चूक तुला ठाऊक आहे ती दुसऱ्या सुताराला शोधत बसावी लागेल. पण कमळ नको आता मला. साधं कर. आणि कठडा पुन्हा घाल. देवाच्या माथ्यावर बसायला नको होतं, मला ते कळत होतं. माझी चूक मी कुणाला सांगायची ते माझं मी बघते."

नेमावराकडच्या जंगलातून आलेल्या सागवानाच्या पाच कड्या. दोन बोटं जाड फळ्या. एकही सांधा मध्ये नाही. काम वीस दिवस चाललं. शेवटच्या दिवशी मूर्ती गाभाऱ्यात नेऊन दार लावून घेतलं, आणि गणपत कठडा बसवण्याआधी अनवाणी वर चढला. जिथं पुन्हा कुणी पाऊल टाकणार नव्हतं तिथं, पाचही कड्यांवर, त्याला नाचून बघायचं होतं. त्यानं खाली वाकून हात जोडले, रामाची क्षमा मागितली.

मग जाळीतून त्याला खाली काहीतरी पांढरं हललेलं दिसलं. दुर्गाचा हात धरून माईसाहेब ओट्यापाशी आल्या होत्या. दुर्गाला त्यांनी लांब खांबाशी उभं केलं, आणि स्वतः नव्या छताच्या बरोबर खाली पाट मांडवून बसल्या.

"माई, बाजूला व्हा," गणपत वरून म्हणाला. "मी नाचून बघणार आहे."

"म्हणूनच बसले."

गणपतनं एक पाऊल आपटलं.

"एवढंच?" खालून आवाज आला. "आणखी जोरात."